महाकाय अष्टपाद आणि त्यांची कुळे

'महाकाय अष्टपाद' हे शब्द एखाद्या एकाच प्राण्याचे नाव असल्यासारखे वापरले जातात, परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने या नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या कुळांतील प्राणी एकत्र आलेले आहेत, आणि एके काळी तर किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशाच्या कुजलेल्या कातडीची गणनाही त्यांच्यातच झाली होती. उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यात खडकांच्या कपारींत राहणारा अष्टपाद, मोकळ्या समुद्राच्या खोल पाण्यात जेलीसारखे मऊ अंग घेऊन तरंगणारा अष्टपाद आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फाळ समुद्राच्या तळावर वावरणारा अष्टपाद हे तिन्ही आपापल्या परीने प्रचंड आहेत. पण त्यांपैकी प्रत्येकाच्या शाखेत लहान चणीचे नातलग पुष्कळ आहेत, म्हणजेच मोठेपणा हा त्यांना कोण्या एका महाकाय पूर्वजाकडून मिळालेला वारसा नव्हे, तो वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलेला आहे. वर्गीकरण हे नात्याचे शास्त्र आहे आणि आकार हा नात्याचा फार कच्चा पुरावा आहे, हे या प्राण्यांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

अष्टपाद, ज्याला आता मराठीतही सर्रास ऑक्टोपस म्हटले जाते, तो मासा नव्हे. गोगलगायी आणि शिंपले ज्या मृदुकाय संघात मोडतात त्याच संघातला तो प्राणी आहे. या संघातील ज्या प्राण्यांचे पाय थेट डोक्याला जोडलेले असतात त्यांचा शीर्षपाद हा स्वतंत्र वर्ग मानला जातो, आणि कोकणच्या मासळीबाजारात ज्यांना माकूळ म्हणतात ते स्क्विड व कटलफिश याच वर्गातले आहेत. माकूळाला आठ बाहू आणि शिवाय भक्ष्य पकडण्यासाठी दोन लांब सोंडा असतात, तर अष्टपादाला केवळ आठ बाहू असतात आणि बहुतेक अष्टपादांच्या शरीरात शंखाचा किंवा हाडाचा म्हणावा असा भाग जवळजवळ उरलेलाच नसतो. अष्टपादांच्या गणाचे पुढे दोन उपगण पडतात: एकात कानांसारखे पर असलेले आणि बाहूंवर चूषकांच्या दोन्ही बाजूंना केसांसारखे तंतू असलेले खोल समुद्रातले प्राणी येतात, तर दुसऱ्यात पर नसलेले, आपल्या नेहमीच्या परिचयाचे अष्टपाद येतात. तिन्ही महाकाय या दुसऱ्या उपगणातले आहेत, आणि त्यांच्या नात्याविषयीची पक्की एकवाक्यता जवळजवळ इथेच संपते.

याचे कारण प्राण्याच्या देहातच आहे. पक्ष्याचे किंवा सस्तन प्राण्याचे वर्गीकरण करणाऱ्याला कवटी, दात, हाडांचे सांधे अशी टणक, मोजता येणारी आणि शतकानुशतके न बदलणारी साधने मिळतात. अष्टपादाच्या शरीरात टणक असे जवळपास दोनच भाग असतात, एक पोपटाच्या चोचीसारखा जबडा आणि दुसरा म्हणजे रॅड्युला, म्हणजे सूक्ष्म दातांच्या ओळी असलेली कानशीसारखी जीभ. बाकीचा सारा देह स्नायूंचा आणि त्वचेचा असून तो जिवंतपणी क्षणाक्षणाला रंग, पोत आणि आकार बदलतो, आणि मेल्यावर फॉर्मेलिनमध्ये बुडवला की आक्रसतो, फिकट पडतो व बरणीच्या आकाराप्रमाणे वळून बसतो. जिवंत असताना विटकरी लाल रंगाचा, अंगावर पानांसारखे उंचवटे उभारणारा प्राणी संग्रहालयाच्या फडताळात करड्या-पिवळ्या गाठोड्यासारखा दिसतो, आणि एकोणिसाव्या शतकातील बहुतेक नावे अशा गाठोड्यांवरून ठेवली गेली आहेत. त्यामुळे अष्टपादांचे अभ्यासक चूषकांच्या ओळी किती, क्लोमांच्या म्हणजे पाण्यातून श्वास घेण्याच्या अवयवांच्या पाकळ्या किती, बाहूंमधील पडदा कुठपर्यंत पोचतो, शाईची पिशवी आहे की नाही, अशा बारीकसारीक गोष्टींकडे वळले, आणि त्यांतली सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे नराचा एक विशिष्ट बाहू.

पॅसिफिकच्या महाकाय अष्टपादाच्या नरामध्ये उजवीकडचा तिसरा बाहू इतर सातांपेक्षा वेगळा असतो. मादीच्या प्रत्येक बाहूवर सुमारे २८० चूषक, म्हणजे आठ बाहूंवर मिळून २,२४० च्या आसपास चूषक असतात. नराच्या या एका बाहूवर मात्र ते जेमतेम शंभर असतात, कारण बाहूच्या टोकाकडचा भाग चूषकरहित असून तो पन्हाळीसारखा आत वळलेला असतो. त्या टोकाच्या साहाय्याने नर शुक्राणूंनी भरलेली एक लांब नळी मादीच्या प्रावारात, म्हणजे धडाला वेढणाऱ्या स्नायुमय पिशवीत, सरकवतो, आणि या जातीत ती नळी सुमारे १ मीटर लांब असू शकते. या बाहूला हेक्टोकोटायलस म्हणतात, आणि ते नावच वर्गीकरणातील एका प्रसिद्ध चुकीचे स्मारक आहे. काही अष्टपादांमध्ये हा बाहू नराच्या अंगापासून तुटून मादीच्या शरीरात राहतो; असा तुटलेला, वळवळणारा, चूषकांनी भरलेला अवयव पाहून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए याने १८२९ मध्ये तो एक परजीवी कृमी असल्याचे ठरवले आणि 'शंभर पेल्यांचा' अशा अर्थाचे हेक्टोकोटायलस हे वंशनाम त्याला बहाल केले. ज्याने १७९७ मध्ये ऑक्टोपस हा वंश शास्त्रात रूढ केला त्याच विद्वानाने अष्टपादाचा एक बाहू कृमींच्या यादीत नोंदवावा, यावरून हा देह वाचणे किती कठीण आहे याची कल्पना येते. कृमी रद्द झाला, नाव मात्र अवयवाला चिकटून राहिले, आणि आज त्याच अवयवाच्या टोकाची लांबी व घडण पाहून जाती ओळखल्या जातात.

पॅसिफिकचा महाकाय अष्टपाद जपानपासून कोरिया, बेरिंग समुद्र आणि अलास्का असे अर्धवर्तुळ घेत कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेला आहे, जपानमध्ये तो 'मिझुदाको' म्हणजे पाणअष्टपाद या नावाने बाजारात येतो, आणि तरीही त्याला निश्चित शास्त्रीय नाव मिळायला फार काळ लागला. अमेरिकी किनाऱ्यावरील अष्टपादाला विल्यम गॅब याने १८६२ मध्ये ऑक्टोपस पंक्टेटस, म्हणजे ठिपकेदार, असे नाव दिले होते. नामकरणाच्या नियमांनुसार सर्वांत जुने नाव ग्राह्य धरले जाते, म्हणून हे नाव टिकायला हवे होते. परंतु तेच नाव त्याआधी १८२६ मध्ये द ब्लँव्हील याने दुसऱ्याच एका अष्टपादाला देऊन टाकले होते, आणि एका वंशात एकच नाव दोन जातींना चालत नाही, त्यामुळे गॅबचे नाव बाद ठरले. त्यानंतर बराच काळ अमेरिकी लेखनात या प्राण्याला हाँगकाँगचे नाव असलेल्या एका वेगळ्याच आशियाई जातीत घातले जात होते. १९१० मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गेर्हार्ड व्युल्कर याने जपानमधून आलेल्या नमुन्यांवरून पॉलिपस डोफ्लायनी ही जात वर्णिली आणि तिला पूर्व आशियाच्या सफरीवरून प्राणिसंग्रह घेऊन आलेल्या फ्रान्झ डोफ्लाइन याचे नाव दिले; पॉलिपस हे वंशनाम त्या काळी ऑक्टोपसऐवजी वापरले जात असे, आणि पुढे आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण आयोगाने ते दडपून ऑक्टोपस हेच कायम केले. अवघ्या दोन वर्षांनी, १९१२ मध्ये, पॅसिफिकच्या दुसऱ्या टोकाला स्टिलमन बेरी याने अमेरिकी बाजूच्या प्राण्याला पॉलिपस अपोलियॉन असे नाव दिले, ज्याचा मूळ ग्रीक अर्थ 'संहारक' असा होतो आणि जे ख्रिस्ती धर्मग्रंथात पाताळाच्या दूताचे नाव आहे. अशा रीतीने एकाच प्राण्याला महासागराच्या दोन किनाऱ्यांवर दोन नावे लाभली, आणि दोन्हीकडचे अभ्यासक आपापल्या नावाने त्याच्यावर लिहीत राहिले.

हा गुंता सोडवण्याचे श्रेय ग्रेस पिकफर्ड या विदुषीला जाते. येल विद्यापीठात काम करणाऱ्या पिकफर्ड यांनी त्याआधी खोल समुद्रातील व्हॅम्पायर स्क्विड या चमत्कारिक प्राण्याची वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदलेली अनेक नावे तपासून ती सर्व एकाच जातीची असल्याचे सिद्ध केले होते, आणि उत्तर पॅसिफिकच्या अष्टपादाकडे त्या वळल्या तेव्हा तीच चिकाटी त्यांनी येथेही लावली. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाने जपानी आणि अमेरिकी प्राणी एकाच जातीचे ठरवले, व्युल्करचे नाव आधीचे असल्याने तेच मान्य केले, आणि जातीच्या पोटात तीन उपजाती कल्पिल्या: पश्चिमेकडची डोफ्लायनी, उत्तरेकडची अपोलियॉन आणि पूर्वेकडची, त्यांनी स्वतः नव्याने नाव दिलेली, मार्टिनी. या तीन उपजातींची विभागणी आज फारशी पाळली जात नाही, आणि त्याला प्राण्याच्या जीवनक्रमातही एक आधार सापडतो. मादी कपारीच्या छताला तांदळाच्या दाण्याएवढी हजारो अंडी घोसांनी टांगते, कित्येक महिने काहीही न खाता त्यांच्यावर पाण्याचे झोत सोडत राहते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. ती पिल्ले मात्र तळाशी न राहता वर येऊन प्लवकांत, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांत, मिसळतात आणि काही काळ प्रवाह नेईल तिकडे जातात. ज्या जातीची पिल्ले अशी दूरवर वाहून जातात तिच्यात किनाऱ्यागणिक वेगळ्या उपजाती टिकून राहणे अवघड असते. पिकफर्ड यांची जात टिकली, उपजाती विरल्या. पण जपान आणि अमेरिका यांना एका नावाखाली आणण्याचे त्यांचे काम इतके भक्कम होते की त्यानंतरचा सारा अभ्यास त्यावरच उभा आहे.

वंशाचा प्रश्न तरीही शिल्लक होता. ऑक्टोपस हा वंश म्हणजे दीर्घकाळ एक मोठी कोठी होती, तिच्यात ज्याचे काय करावे हे कळत नसेल असा प्रत्येक अष्टपाद टाकला जात असे. त्यातून या महाकायांना बाहेर काढण्यासाठी जे वंशनाम वापरले गेले ते नवे नव्हते: १८८९ मध्ये रोशब्रून आणि माबील या फ्रेंच अभ्यासकांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील एका मोठ्या अष्टपादासाठी एंटेरोक्टोपस हा वंश सुचवला होता, जो जवळजवळ शतकभर पुस्तकांतच पडून राहिला. १९९८ मध्ये एफ. जी. हॉचबर्ग यांनी पॅसिफिकच्या महाकायाला या वंशात नेले आणि त्याचे आजचे नाव एंटेरोक्टोपस डोफ्लायनी असे रूढ झाले. या वंशाची ओळख आकारावर बेतलेली नाही, जरी त्यातले सर्वच प्राणी मोठे असले तरी. प्रावारावर लांबीच्या दिशेने पडलेल्या त्वचेच्या घड्या, अंगावर उभे राहणारे चपटे, वल्ह्याच्या पात्यासारखे मोठे उंचवटे आणि नराच्या बाहूचे असाधारण लांब टोक ही त्याची लक्षणे मानली जातात. वंशात आज चार जाती सर्वमान्य आहेत: उत्तर पॅसिफिकची डोफ्लायनी, चिली व अर्जेंटिनाच्या दक्षिण किनाऱ्यावरची मेगॅलोसायथस, जिचे वर्णन गूल्ड याने १८५२ मध्येच केले होते, न्यूझीलंडची झीलॅन्डिकस, जी बेनहॅम याने १९४४ मध्ये वर्णिली, आणि नामिबिया व दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची मॅग्निफिकस, जी १९९२ इतक्या अलीकडे शास्त्राला ठाऊक झाली. या चारही जाती थंड किंवा समशीतोष्ण पाण्यातल्या आहेत आणि मधला उष्ण कटिबंधाचा विस्तीर्ण पट्टा त्यांच्यापैकी कोणीही वसवलेला नाही, त्यामुळे अरबी समुद्रात, रत्नागिरी-मालवणच्या जाळ्यांत, या वंशाचा प्राणी येत नाही. भारतीय किनाऱ्यावर मिळणारे अष्टपाद सिस्टोपस किंवा अँफिऑक्टोपस अशा वंशांतले आणि अंगाने पुष्कळच लहान असतात.

महाकाय म्हणजे नेमके केवढे, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत अतिशयोक्ती फार झाली आहे. डोफ्लायनीचा पूर्ण वाढलेला प्राणी साधारणपणे १५ किलोग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याच्या पसरलेल्या बाहूंचा विस्तार ४ मीटरच्या घरात जातो. खात्रीलायक रीतीने तोललेल्या जिवंत प्राण्यांपैकी सर्वांत मोठा म्हणून ७१ किलोग्रॅमचा उल्लेख केला जातो. २७२ किलोग्रॅम वजनाचा आणि ९ मीटरहून अधिक विस्ताराचा जो विक्रम लोकप्रिय पुस्तकांतून सांगितला जातो, त्याला तितका भक्कम पुरावा नाही. ३ ते ५ वर्षांच्या आयुष्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या अंड्यातून निघून पन्नास-साठ किलोपर्यंत पोचणे हेच मुळात इतके विस्मयकारक आहे की त्याला फुगवलेल्या आकड्यांची गरज नाही.

वंशाच्या वरची पायरी म्हणजे कुल, आणि तेथे शाईने अभ्यासकांना अनेक दशके चकवले. ब्रिटिश म्युझियममधील गाय रॉबसन यांनी १९२९ आणि १९३२ मध्ये दोन खंडांत अष्टपादांचा जो महाग्रंथ सिद्ध केला, त्यात बाहूंवर चूषकांची एक ओळ आहे की दोन, आणि शाईची पिशवी आहे की नाही, या दोन लक्षणांवर उपकुले पाडली होती. ही लक्षणे मृत नमुन्यातही सहज तपासता येत असल्याने ती व्यवस्था सोयीची होती आणि पन्नास-साठ वर्षे वापरात राहिली. परंतु शाई ही अंधारात निरुपयोगी वस्तू आहे. जिथे सूर्यप्रकाश पोचत नाही अशा खोल पाण्यात शत्रूच्या डोळ्यांसमोर काळा पडदा टाकून काही साधत नाही, आणि म्हणून खोल पाण्यात उतरलेल्या वेगवेगळ्या शाखांनी ही पिशवी स्वतंत्रपणे गमावली. पिशवी नसणे ही अशा रीतीने नात्याची खूण नसून राहणीची खूण ठरली, आणि शाईरहित अष्टपादांना एका घरात बसवणे म्हणजे वटवाघूळ आणि कबुतर यांना दोघेही उडतात म्हणून एका जागी बसवण्यासारखे झाले. डीएनएच्या अनुक्रमांवर आधारलेल्या तुलनेतून हे स्पष्ट होत गेले आणि २०१४ मध्ये जॅन स्ट्रग्नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने ऑक्टोपोडिडी हे अवाढव्य कुल फोडून अनेक कुले वेगळी केली, ज्यांत महाकायांचे एंटेरोक्टोपोडिडी हे कुलही आहे.

या नव्या कुलात पॅसिफिकच्या महाकायाशेजारी कोण बसले आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे नातलग म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांत म्यूसोक्टोपस या वंशातले खोल समुद्रातील, शाईची पिशवी नसलेले, त्याच्या मानाने किरकोळ अंगाचे अष्टपाद आहेत. कॅलिफोर्नियाजवळ डेव्हिडसन नावाच्या सागरी पर्वताच्या पायथ्याशी, ३,००० मीटरहून अधिक खोलीवर, २०१८ मध्ये हजारो माद्या खडकांच्या भेगांतून झिरपणाऱ्या कोमट पाण्यात अंडी उबवताना आढळल्या, त्या याच वंशातल्या म्यूसोक्टोपस रोबस्टस या जातीच्या होत्या. रॉबसन यांच्या व्यवस्थेत शाई असलेला, उथळ पाण्यातला महाकाय आणि शाई नसलेला, तळाच्या काळोखातला हा अष्टपाद एकमेकांपासून दूर पडले असते. नव्या व्यवस्थेत ते चुलत घराणे आहेत, आणि उलट उथळ खडकांत राहणारा, हुबेहूब लहानशा महाकायासारखा वाटणारा सामान्य ऑक्टोपस व्हल्गॅरिस हा दुसऱ्या कुळात गेला आहे.

दुसरा महाकाय अंटार्क्टिकाचा. मेगॅलेलेडोन सेटेबॉस या नावाच्या या प्राण्याची एकूण लांबी ९० सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे पॅसिफिकच्या महाकायापुढे तो लहानच, परंतु अंटार्क्टिक पाण्यातील अष्टपादांत त्याच्याएवढा दुसरा नाही. त्याच्या बाहूंवर चूषकांची एकच ओळ असते. रॉबसन यांनी १९३२ मध्ये त्याला दुसऱ्याच एका वंशात घालून सेटेबॉस असे नाव दिले होते, जे शेक्सपियरच्या 'टेम्पेस्ट' नाटकातील कॅलिबानच्या आईच्या दैवताचे नाव आहे. पुढे १९६१ मध्ये जपानी अभ्यासक इवाओ ताकी यांनी मेगॅलेलेडोन हा नवा वंश आणि सेनॉय ही नवी जात वर्णिली, आणि दोन्ही नावे एकाच प्राण्याची असल्याचे ओळखले जायला २००३ हे साल उजाडावे लागले. आज त्याचे वंशनाम ताकींचे आणि जातिनाम रॉबसन यांचे आहे. अंटार्क्टिकाभोवतीचे थंड, खारे आणि म्हणून जड झालेले पाणी तळाशी जाऊन जगभरच्या महासागरांच्या खोल भागात पसरते, आणि त्याच वाटेने दक्षिणेकडील काही अष्टपाद खोल समुद्रात उतरले असावेत, असे मत २००८ मध्ये जनुकीय पुराव्यांवरून मांडले गेले. त्यात या प्राण्याची शाखा मूळच्या, अंटार्क्टिकातच राहिलेल्या शाखांपैकी मानली जाते.

तिसरा महाकाय या दोघांपासून फार दूरचा आहे, इतका की त्याचे स्थान वेगळ्या अधिकुलात आहे, जेथे कागदासारखे नाजूक कवच तयार करणारे आर्गोनॉट आणि बाहूंमधील लांब पडदा चादरीसारखा पसरणारे ट्रेमोक्टोपस हे त्याचे सोबती आहेत. हॅलिफ्रॉन अटलांटिकस असे त्याचे नाव असून ते डॅनिश शास्त्रज्ञ यापेटस स्टीनस्ट्रुप याने १८६१ मध्ये दिले. अमेरिकेत येल येथील ॲडिसन व्हेरिल याने १८८० मध्ये अशाच प्राण्याला ॲलोपोसस मोलिस हे नाव दिले, आणि पुढे दोन्ही एकच ठरल्यावर जुन्या नावाचा अधिकार मान्य झाला; मात्र कुलाचे नाव व्हेरिलच्या वंशावरून ॲलोपोसिडी असेच राहिले. या प्राण्याला सात बाहूंचा अष्टपाद असेही म्हणतात, कारण नराचा रूपांतरित बाहू उजव्या डोळ्याखालच्या एका पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो आणि वरवर पाहणाऱ्याला सातच बाहू दिसतात. प्रत्यक्षात बाहू आठच असतात. २००२ मध्ये न्यूझीलंडजवळ, सुमारे ९२० मीटर खोलीवर मासेमारी जहाजाच्या जाळ्यात सापडलेली या जातीची एक मादी फाटलेल्या अवस्थेतही ६१ किलोग्रॅम भरली आणि तिची लांबी २.९ मीटर होती. जिवंतपणी तिचे वजन ७५ किलोग्रॅमच्या जवळपास असावे, असा अंदाज बांधला गेला. तो मान्य केल्यास पॅसिफिकच्या महाकायाचा पहिला क्रमांक निर्विवाद राहत नाही. पण दोघांमध्ये साम्य एवढेच. पॅसिफिकचा महाकाय खेकडे आणि शिंपले फोडून खाणारा, दाट स्नायूंचा प्राणी आहे, तर हॅलिफ्रॉनचा देह पाणीदार, अर्धपारदर्शक असून तो मोकळ्या पाण्यात जेलीफिशसारखे मऊ प्राणी खातो, हे कॅलिफोर्नियाजवळच्या खोल पाण्यातील चित्रणातून २०१७ मध्ये दाखवले गेले. त्याच्या अधिकुलात नर आणि मादी यांच्या आकारातील तफावत विलक्षण असते: ट्रेमोक्टोपसची मादी २ मीटरपर्यंत वाढते आणि नर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. अशा ठिकाणी 'महाकाय जात' हा शब्दसुद्धा अर्ध्या जातीपुरताच खरा असतो.

चौथा महाकाय मात्र कधी अस्तित्वातच नव्हता, आणि त्याचे नाव देणाराही ॲडिसन व्हेरिलच होता. १८९६ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत फ्लोरिडामधील सेंट ऑगस्टीनजवळ, अनास्टेशिया बेटाच्या वाळूत दोन मुलांना एक प्रचंड, फिकट, रबरासारखा गोळा अर्धवट रुतलेला आढळला. दिसणारा भाग सुमारे ५.५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद होता. डेविट वेब या स्थानिक डॉक्टरने त्याची पाहणी करून छायाचित्रे आणि वर्णन व्हेरिलकडे पाठवले. व्हेरिलने आधी तो राक्षसी स्क्विड असल्याचे मानले, मग मत बदलून तो अष्टपाद ठरवला आणि १८९७ मध्ये त्याला ऑक्टोपस जायगँटियस हे नाव दिले. काही आठवड्यांनी ऊतींचे प्रत्यक्ष तुकडे हाती येताच त्याने आपली चूक ओळखली आणि हा देवमाशाचा अवशेष असल्याचे जाहीरपणे लिहिले. त्याची ही तत्परता आदरास पात्र आहे, कारण नाव मागे घेणे हे नाव देण्यापेक्षा कठीण असते. पण नाव एकदा छापले गेले की ते पुसता येत नाही: १९७१ मध्ये जतन केलेल्या तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरून तो अष्टपादच होता, असे पुन्हा मांडले गेले आणि अनेक वाचकांनी ते खरे मानले. १९९५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अमिनो आम्लांचे विश्लेषण यांच्या साहाय्याने ते जवळजवळ निव्वळ कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, असल्याचे दिसले, आणि २००३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर आलेल्या तशाच एका गोळ्याचा डीएनए थेट स्पर्म व्हेलशी जुळल्यावर २००४ मध्ये असे सर्व गोळे देवमाशांचेच असल्याचे दाखवण्यात आले. देवमासा मेल्यावर त्याची चरबी कुजून जाते, हाडे गळून तळाशी जातात आणि चिवट तंतूंचे जाळे तेवढे पाण्यावर तरंगत किनाऱ्याला लागते. आकार नसलेल्या त्या वस्तूत अष्टपाद दिसावा, इतका अष्टपादही आकारहीन समजला जातो.

पॅसिफिकच्या महाकायाचे वर्गीकरण एवढ्यावर थांबलेले नाही. अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड या खाडीतून गोळा केलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तुलनेत २०१२ मध्ये असे आढळले की डोफ्लायनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांत दोन गट आहेत आणि त्यांच्यात संकर होत असल्याची चिन्हे नाहीत. दिसायला सारख्या, पण जनुकांनी वेगळ्या असलेल्या अशा जातींना गुप्त जाती म्हणतात. ही जात खरोखर गुप्त आहे का, की आजवर कोणी नीट पाहिलेच नव्हते, हा प्रश्न अलास्का पॅसिफिक विद्यापीठातील नेथन हॉलनबेक आणि डेव्हिड शील यांनी हाती घेतला. कोळंबी पकडण्यासाठी खोल पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्यांत अष्टपादही शिरतात आणि पिंजऱ्याबरोबर वर येतात. अशा जिवंत प्राण्यांची छायाचित्रे काढायची, अंगावरून कापसाचा बोळा फिरवून किंवा बाहूच्या टोकाचा इवलासा तुकडा घेऊन डीएनए मिळवायचा आणि प्राणी परत पाण्यात सोडायचा, अशी ही पद्धत आहे. २०१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार दुसऱ्या गटाच्या प्राण्यांच्या धडाच्या कडेने त्वचेच्या उंचवट्यांची एक सलग झालर असते, डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखे उंचवटे उभे असतात, आणि डोक्याच्या पुढच्या भागावर नेहमीच्या महाकायाला जिथे एक पांढरा ठिपका असतो तिथे यांना दोन असतात. लेखात त्या जातीला लॅटिन नाव दिलेले नाही. 'झालरवाला' एवढीच तिची ओळख आहे. फॉर्मेलिनमध्ये घातल्यावर झालर बसते, पापण्यांचे उंचवटे विरतात आणि ठिपके फिकट होतात, तेव्हा संग्रहालयांच्या बरण्यांत डोफ्लायनीची चिठ्ठी लावून ठेवलेल्या प्राण्यांपैकी झालरवाले किती, हे आता प्रत्येक बरणी उघडून, आतल्या आक्रसलेल्या कातडीतून डीएनए मिळतो का पाहूनच ठरवावे लागणार आहे.